अंगात दवाखान्याचा झगा घालून पळालेल्या भावास

भुंग्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात म्हणून लिहिते, अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे परत घ्यायच्या विचारात आहे. इकडे सर्व क्षेम असंही लिहायचं असतं, पण इकडे क्षेमाचा पत्ता नाही आणि त्याला कारण तू आहेस. तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण ती कशी आहे हे कळावं म्हणूनच तुला सोमवारी स्कॅनला नेलं होतं आणि तू ते कुणाला कळू दिलं नाहीस. जिभेच्या कडेची ती जखम (तुकडा तपासून कर्करोग ठरला तरी जिला तू अजून ‘दात लागला’ म्हणतोस) जेवताना झोंबते का? गिळताना कानात कळ येते का? फोन माझ्यापाशीच टाकून मावसभावाच्या माळ्यावर दडलेल्या माणसाला हे पत्रानेच, तेही माणसाच्या हाती धाडून, विचारावं लागतं. (तू तिथे आहेस हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. तिच्यावर डाफरू नकोस. पन्नाशी उलटलेला माणूस ती तरी किती दिवस झाकून ठेवणार?)

आता झाला प्रकार पुन्हा सांगते, कारण तो तुझ्या बाजूने कसा दिसला असेल याची मला कल्पना आहे आणि ती साफ चूक आहे. टेक्निशियन बाईंनी अंगावरचं सगळं लोखंड काढायला सांगितलं. तुझ्या खिशांतून पाने निघाले, टेस्टर निघाला, मूठभर स्क्रू निघाले, आणि शेवटी लिफ्टच्या दाराचं एक अख्खं चाक निघालं. मानेच्या तपासणीला माणूस लिफ्टचं चाक कशाला आणतो, असं बाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, कामाचा माणूस आहे. (तोवर मी तुझी बाजू घेत होते, हे ध्यानात ठेव.) मग तुला मागून नाड्या बांधायचा झगा मिळाला, कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनसाठी हाताच्या शिरेत सुई बसवली, आणि आत आधीचा रोगी होता म्हणून तुला दारापाशी बसवलं. तिथेच घात झाला. तू मशीनचा आवाज ऐकायला लागलास.

आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्यास, आवाजावरून रोग ओळखलेस, ते मान्य. घरघर आली की बेअरिंग, खटखट झाली की दाराचं चाक. पण हे मशीन मुळातच ठोके देतं, तो त्याचा स्वभाव आहे, जसा तुझा बडबडीचा. तू बाईंना सांगितलंस की याचं बेअरिंग गेलंय, आतल्या माणसाला आधी बाहेर काढा. बाई म्हणाल्या, यात बेअरिंग नाही. त्यावर तू असा हसलास की त्या काल कामाला लागल्या असाव्यात असं मलाही क्षणभर वाटलं. तुझी पाळी आली, तुला आडवं केलं, मानेभोवती ते पिंजऱ्यासारखं झाकण बसवलं, पलंग आत सरकला, पहिले ठोके पडले आणि तू पाय झाडायला लागलास. त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच बाहेर घेतलं. एवढ्यावर थांबला असतास तर मी काही बोलले नसते. पण तू उठलास आणि भिंतीवरच्या लाल बटणाकडे धावलास. तुझ्या धंद्यातला पहिला नियम मला पाठ आहे, आवाज बिघडला की आधी लाल बटण, मग बोलणं. अरे, ते बटण दाबलं की मशीनमधला चुंबक थंड ठेवणारा वायू सगळा उडून जातो आणि मशीन कित्येक दिवस बंद पडतं. बाहेर रांगेत बसलेल्यांच्याही गळ्यात गाठी होत्या, भुंग्या, तुझ्या एकट्याच्या नव्हत्या. बाईंनी तुझं मनगट बटणावरच्या झाकणापाशीच धरलं. (काय पकड होती. त्यांना तुझ्या धंद्यात घे.) ते सोडवून तू जो निघालास तो थेट रस्त्यावर, अनवाणी, नाड्या सुटलेल्या. मागून कसा दिसत होतास हे समोरच्या औषधवाल्याने मला सविस्तर सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

आणि शिरेतली सुई तशीच घेऊन गेलास. ती आज, पत्र वाचून होताच, तिथल्या डॉक्टरकडून काढून घे. पान्याने काढू नकोस.

यानंतर तुझी पँट मांडीवर घेऊन मी सर्जनसमोर बसले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, पण त्याने मला पाणी दिलं. मग समजावून सांगितलं, जिभेचा हा रोग मानेतल्या गाठींत उतरतो. जबड्याखालची एक गाठ बोटाला लागते, पण मानेत खोल, मोठ्या रक्तवाहिनीच्या कडेने ज्या असतात त्या बोटाला लागत नाहीत. इंजेक्शन आत गेलं की त्या चित्रात उजळून दिसतात. एखादी रोगाने आतून कुजली असली तर तिची कड उजळते आणि मधलं तसंच काळं राहतं. त्याने कुणाचं तरी जुनं चित्र दाखवलं. वरून धड आणि आत नासलेलं फळ मी आयुष्यात खूप पाहिलंय, मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. चित्रही कधीकधी फसवतं, बारीक गाठ त्यालाही दिसत नाही, हेही त्याने लपवलं नाही. पण मान एका बाजूने उघडायची की दोन्ही, आणि किती, हे ठरवायला ते हवंच. बघितल्याशिवाय सुरी लावणार नाही म्हणाला. आणि आठवडे घालवू नका, हे तो दोनदा म्हणाला.

घरी वेगळाच तमाशा. सगळे वाट बघत बसलेले. तुझी बायको दारातच उभी होती. तिच्या तोंडाकडे बघून मला खरं सांगवेना, मी म्हटलं मशीन बिघडलं. लगेच मावशीने विचारलं, मग हा कुठे आहे? माझ्या तोंडून निघून गेलं की दुरुस्त करायला थांबलाय. झालं. आता सगळ्या नात्यात बातमी आहे की परदेशी मशीन कुणाला जमेना ते आपल्या भुंग्याने सुरू केलं. तुझ्या भाऊजींनी तर कोणता भाग गेला होता तेही लोकांना सांगायला सुरुवात केली आहे, आणि शेजारीण आपला फ्रिज दाखवायला तुझी वाट बघतेय. तुझी बायको मात्र रात्रीची भांडी घासत होती आणि एकच ताट घासत राहिली. तिला कळलंय, भुंग्या. त्या ताटासाठी मी तुला माफ करणार नाही.

तूच एकदा सांगितलं होतंस. लिफ्ट मधेच अडकली की आतला माणूस लिफ्टने मरत नाही. धीर सुटून दार उचकटतो, फटीतून उडी मारायला जातो आणि तसा मरतो. तीस वर्षं तू बाहेरून ओरडत आलास, शांत उभे राहा, काही होत नाही, मी आहे. परक्या माणसांना सांगितलंस. आणि दोन्ही बाजूंनी उघड्या असलेल्या नळीतून स्वतः दार उचकटून पळालास. मला माहीत आहे, तू नळीला भ्यायला नाहीस. चित्रात काय दिसेल याला भ्यायलास. पण न बघितल्याने गाठ काही सभ्य होत नाही. मला तुझा इतका राग आलाय की पेन कागद फाडतंय, अक्षर लागत नसेल तर मावसभावाकडून वाचून घे. मोठ्याने.

तुझी (दुसरा इलाज नसल्याने)
ताई

ता. क. गुरुवारी सकाळची वेळ मागून घेतली आहे. टेक्निशियन बाईच पुन्हा असतील, त्यांनी राग धरलेला नाही. आधी शांत वाटायची गोळी देतील, आणि मला आत तुझ्या पायांशी बसू देणार आहेत. चाक माझ्याकडेच आहे, दुसरं आणू नकोस.

ता. क. दुसरा. हे लिहायचं नव्हतं. ‘त्यात भिण्यासारखं काही नाही’ असं तुला ठणकावून लिहिता यावं म्हणून काल शेवटचा रोगी गेल्यावर मी बाईंच्या हातापाया पडून कानातलं, बांगड्या काढून त्या पलंगावर आडवी झाले. मशीन चालूही केलं नव्हतं. मानेवर झाकण बसलं, पलंग निम्मा सरकला आणि मी तुझ्या नावाने ओरडले. आईच्या नाही, देवाच्या नाही, तुझ्या. बाईंनी बाहेर काढलं, मी चपला घातल्या आणि घरी आले. मला येता आलं, कारण माझ्या मानेत गाठ नाही. तुझ्या आहे. ये.