दारापाशी पडलेल्या कूत्तनसाठी

मी मारन वेळान, कावेरीकाठच्या मरुदंकुडीचा रहिवासी, चोळ महाराजांच्या नौकादळाचा निवृत्त सेनापती, देवळाच्या मंडपात बसून हे सांगतो आहे. लिहितो आहे तो ग्रामलेखक तिरुवडी, कारण माझा उजवा हात आता पाण्याचा तांब्याही धरत नाही. आज सकाळची पेज पचली आहे, समोरची माणसे ओळखू येतात, आणि कुणीही मला काही शिकवून बसवलेले नाही. माझ्या मागे काय कुणाचे, ते असे.

राहते घर आणि त्यामागची नारळाची बाग थोरला मुलगा कंडन याची. विहिरीवर त्याच्या बहिणीचाही हक्क राहील. ती माहेरी आली की तिला पाण्यासाठी वहिनीचे तोंड बघायला लावू नये.

माझी तलवार लोहाराला द्यावी. तिचे कोयते करावेत. लंकेत, गंगेपर्यंतच्या वाटेवर आणि समुद्रापलीकडे, जिथे जिथे राज्याची सीमा पुढे सरकली तिथे ती होती. तिने पुष्कळ पाहिले आहे, आता तिने भात कापावा.

हत्तीदळाचा पिडारन माझ्या चितेला आला तर येऊ द्यावे. बोलू मात्र देऊ नये. गंगेच्या मोहिमेत माझी शंभर माणसे नदीत उतरली तेव्हा तो काठावर मुहूर्त बघत होता. हे मी विसरलेलो नाही आणि विसरण्याचा विचारही नाही.

आता मुख्य गोष्ट.

या देवळात माझ्या नावाचा अखंड दिवा आहे. त्यासाठी मी शहाण्णव मेंढ्या दिल्या. दानलेखात त्यांना ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ म्हटले आहे, कारण एक मेली की तिच्या जागी कोकरू धरायचे आणि कळप तेवढाच ठेवायचा. त्या मेंढ्या मेंढपाळ पूदीअक्काच्या घरी आहेत. ती रोज एक माप तूप आणून देते. भिंतीवर कोरले आहे: ‘समुद्रापलीकडच्या कडारमच्या मोहिमेत नगराचे दार फोडणाऱ्या द्वारभंजन मारन वेळानच्या विजयाप्रीत्यर्थ.’

ते दार मी फोडले नाही.

“धनी,” तिरुवडी आत्ता म्हणाला, “हे ताडपत्रावर उतरवू? कोरलेलं पुसता येत नाही हं.”

“म्हणूनच उतरव.”

ते दार पूदीअक्काच्या मुलाने, माझ्या जहाजावरच्या कूत्तनने उघडले. तटाच्या मोरीतून तो एकटा आत शिरला. अंगावरचे भिजले म्हणून की ओळखू येऊ नये म्हणून, त्याने शत्रूचा लाल अंगरखा चढवला होता. पहाटेच्या धुक्यात तो दारातून माझ्याकडे धावत आला. मी लाल रंग पाहिला आणि भाला फेकला. दार उघडेच होते. आम्ही आत गेलो, नगर पडले, महाराजांनी मला पदवी दिली आणि पदवीसोबत तळ्याखालची जमीन. गावात मी सांगितले की कूत्तन जहाजावर तापाने गेला. तापाने गेलेल्याला वीराचा दगड मिळत नाही, म्हणून त्याचा दगडही उभा राहिला नाही.

मागच्या वर्षी एकाने रानडुकराच्या शिकारीत चुकून शेजाऱ्याला बाण मारला. आपल्या सभेचा रिवाज सर्वांना ठाऊक आहे: चुकून जीव घेणाऱ्याने मेलेल्याच्या नावाने दिवा लावावा आणि मोकळे व्हावे. त्या न्यायासनावर मीच बसलो होतो. त्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितले, “माझ्या हातून झालं.” त्या दिवसापासून मला अन्न गोड लागलेले नाही.

म्हणून भिंतीवरचे माझे नाव छिन्नीने काढावे. तिथे कोरावे: ‘मारन वेळानच्या हातून मेलेल्या कूत्तनसाठी.’ मी स्वतःसाठी घडवून ठेवलेला वीराचा दगड तळ्याकाठी त्याच्या नावाने उभा करावा. तळ्याखालची जमीन पूदीअक्काच्या घराण्याला द्यावी.

“अप्पा!” कंडन ओरडला. “पदवी गेली, जमीन गेली, आमच्या पोरांनी खायचं काय?”

“वरचं शेत आहे. माझ्या बापानं त्यावर सात तोंडं पोसली.”

एवढ्यात पूदीअक्का रोजच्यासारखी तुपाचे माप घेऊन आली. मी तिला बसवले आणि तिरुवडीला सारे पुन्हा मोठ्याने वाचायला लावले. हे मृत्युपत्र तिच्या पाठीमागे झाले असे कुणी म्हणू नये.

तिने खांब धरला. मग म्हणाली, “काही बोलला का तो?”

“‘धनी, दार उघडलं,’ एवढंच.”

“तरी ओळखला नाहीत? मेंढरांना हाका मारून मारून केवढा आवाज होता त्याचा!”

“ओळखला, अक्का. पण तोवर भाला हातातून सुटला होता.”

मी तिच्यापुढे हात जोडले. तिने ते पाहिले नाहीत. माप पदराने झाकून ती म्हणाली, “तेरा वर्षं माझ्या पोराला मारणाऱ्याच्या जयाला तूप घातलं मी. माझ्या हातानं. आज घालायची नाही. तुमचा दिवा विझू दे. उद्या आणीन, माझ्या पोराच्या नावानं.”

पुजारी उठून उभा राहिला. “चंद्र-सूर्य आहेत तोवर जळेल असा संकल्प आहे! दिवा विझला तर दात्याचं सगळं पुण्य जातं.”

त्याला मी खाली बसवले आहे. दाता मी आहे आणि माझी संमती आहे. माझ्या वारसांनी यावरून तिच्याशी भांडू नये.

साक्षीदार: सभेचे प्रमुख नारणन; देवळाचा पुजारी, नाराजीने; कंडन, मुलगा, बापाने हात धरून बसवल्यावर.

मारन वेळान, डाव्या हाताने.

मुक्काम मरुदंकुडी, महाराजांच्या राज्याचे सत्ताविसावे वर्ष, आनी महिना, रोहिणी नक्षत्र, बुधवार. दिवेलागण झाली आहे. दिवा लागलेला नाही.