चूल पेटलेली असताना

बाबा, आज सकाळी लेक उपाशीपोटी घराबाहेर पडली आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाही. तुमची सून गेल्यापासून रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या या दोन खोल्यांत आम्ही बापलेकच आहोत. ती डोलवीकडे एका कंपनीच्या ऑफिसात जाते आणि जायच्या आधी दोघांचा स्वयंपाक करून ठेवते. आज तिनं वालाचं बिरडं केलं होतं, लसणाची खमंग फोडणी देऊन. मी रिटायर झाल्यापासून तुमच्यासारखाच मुगाच्या वरणभातावर आलोय. ताटात वाल दिसले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "किती वेळा सांगायचं? असलं खाऊनच माझं डोकं फिरतं." ती म्हणाली, "पप्पा, तुमचं डोकं ताट वाढायच्या आधीच फिरलेलं असतं." मी ताट ढकललं. वाटी खाली पडली. तिनं ती उचलली, लादी पुसली, "मी पेणला मैत्रिणीकडेच राहते," एवढंच म्हणाली आणि डबाही न भरता निघून गेली. परत कधी येणार, ते काही बोलली नाही.

ताट ढकलणं मी कुणाकडून उचललं, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या रागाची साऱ्या गावात ख्याती होती. बैल अडला तरी राग, शेजाऱ्यानं पाटाचं पाणी आधी घेतलं तरी राग, आणि वड्याचं तेल वांग्यावर काढावं तसा तो सगळा आईवर निघायचा. मग कुणीतरी तुम्हाला रोह्याच्या शाळेत भरणाऱ्या योगवर्गाला नेलं. एक निवृत्त मास्तर तिथं शिकवायचे. आसनांत तुम्ही काही रमला नाहीत, कंबरच वाकेना. पण मास्तर आहारावर बोलायला लागले आणि तुम्ही कान टवकारलेत. अन्नाचा जाड भाग शरीराबाहेर जातो, मधल्या भागाचं मांस होतं आणि अगदी सूक्ष्म भाग असतो त्याचं मन होतं. हे तुम्ही अंगणात उभं राहून आम्हाला सांगताय, पायताण काढायचंही भान नाही, हे मला आत्ता डोळ्यांसमोर दिसतंय. तिखट, आंबट, कांदा-लसूण हा रजोगुण, त्यानं माणूस पेटतो. शिळं, सुकवलेलं हा तमोगुण, त्यानं तो जडावतो. ताजं आणि पोटाला हलकं ते सात्त्विक. पोटाचे चार भाग समजायचे, दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्यासाठी मोकळा ठेवायचा. रागावर औषध सापडलं म्हणून तुम्ही इतके खूश होतात, की त्या दिवशी मला तुमची अजिबात भीती वाटली नाही.

झालं. दुसऱ्या दिवसापासून घरातून सुकट गेली, लसूण गेला, सकाळची शिळी भाकरी गेली, आणि वातूळ म्हणून वालही गेले. भात कापला की आपल्या साऱ्या शेतात वालच. शेतात वाल, कणगीत वाल, आणि घरात मात्र वालाचं नाव काढायचं नाही. आई म्हणायची, "आपल्याच मातीतला दाना आपल्याला बाधतो व्हय?" तुम्ही मुगाचं पाणी पीत राहिलात आणि राग होता तिथंच राहिला, उलट भुकेनं वाढला. तेव्हा तुम्हाला मास्तरांची आणखी एक गोष्ट आठवली. रांधणाऱ्याचं मन अन्नात उतरतं. एका दुपारी पहिलाच घास घेऊन तुम्ही ताट ढकललंत आणि आईला म्हणालात, "तू रागात रांधतेस. तोच राग माझ्या अंगात जातो."

आई उठली नाही की रडली नाही. "व्हय, रागातच रांधलंय," ती म्हणाली. "सकाळपासनं शिव्या खाल्ल्यात, मग काय गानी म्हनत रांधू? तुमचे मास्तर म्हनतात ना, मन अन्नात उतरतं? मग आजपासनं चूल पेटली की तुमी तोंड नाय उघडायचं. उघडलंत तर जे काय उतरंल ते तुमच्याच पोटात जाईल. मग मला बोलायचं नाय." मला वाटलं, आता तुम्ही घर डोक्यावर घेणार. पण तुम्ही पेचात सापडला होतात, कारण शास्त्र तुमचंच होतं. तुम्ही ताट ओढलंत आणि जेवलात.

त्यानंतर आईची चूल जरा जास्तच वेळ पेटू लागली. तुम्ही बाजारातून तणतणत येताना दिसलात की ती नुसतं पाण्याचं भांडं चढवायची. आम्ही पोरं हसू दाबायचो. तुम्हाला ते कळत असणार, नाही? नुसतं गप्प बसवेना म्हणून तुम्ही तिच्याशेजारी बसून हाताला काम मागितलंत, आणि तिनं मोड आलेल्या वालांची परडी तुमच्यापुढे सरकवली. वाल घरात परत आले ते असे. एकेक दाणा चिमटीत दाबायचा की तो सालीतून सुळकन बाहेर येतो. पाटाच्या पाण्यावरून पुन्हा भांडण झालं त्या संध्याकाळी तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. पण मूठ उघडलीत तेव्हा आत वालांचा पार लगदा झाला होता. आईनं तो तसाच कालवणात टाकला. म्हणाली, "तुमीच खायचाय."

गाव म्हणायचं, माणूस निवळला. मला तुम्हाला विचारायचंय, राग खरंच गेला होता का हो? की नुसता गिळत होतात? शेवटी तुमचं पोटच दुखायला लागलं आणि त्यातच तुम्ही गेलात. डॉक्टरांनी त्याला भलतं नाव दिलं, पण मी मनात तेव्हापासून धरून बसलोय की तो गिळलेला रागच होता. तसं असेल तर मी काय करू? बाहेर काढला तर लेक जाते, आत ठेवला तर तुमचं काय झालं ते मी पाहिलंय. मूग खाऊन निवळायचं असतं तर मी एव्हाना संत व्हायला हवा होतो. हल्ली मला मुगाचाच राग येतो. तुमचा चुलीचा नियम पाळावा म्हटलं तर गॅसवर पोरीचा स्वयंपाक अर्ध्या तासात उरकतो, पुढचा सगळा दिवस मी मोकळा. आपण दोघं ताटात काय वाढलंय ते बघत बसलो, ताट वाढणारीकडे बघायचं राहिलं.

दुपारी पातेल्यात उरलेलं तिचं बिरडं मी जेवलो, ओट्याशी उभ्यानंच. चांगलं झालं होतं. डोकं फिरलं नाही, रडू आलं. त्याला कोणता गुण म्हणायचा ते मास्तरांनाच ठाऊक. मग केर काढला, कपडे वाळत घातले, पुन्हा काढून पुन्हा घातले. संध्याकाळची गाडी येऊन गेली, जिन्यात पावलं वाजली, ती शेजारच्यांची निघाली. फोन समोरच आहे. तिचा नंबर काढतो आणि बंद करतो.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते मलाही कळतं. तरी तुम्हाला लिहायला बसलो, कारण तुम्ही काही बोलणार नाही. तिला फोन लावला तर ती बोलेल. बाबा, मला त्याचीच भीती वाटते.