नवरात्रातली तीन कार्डं

बाई, तुमची तीन कार्डं आली होती. पंधरा पैशांचं एक, म्हणजे पंचेचाळीस पैसे. शिवाय आठव्या माळेला तुम्ही स्वतः आलात, त्याचं ठाणे ते आमची विठ्ठलवाडी जाऊन-येऊन तिकीट वेगळं. हे सगळं तुमच्या पदरचं, दवाखान्याचं नव्हे, हे तुम्ही गेल्यावर मला समजलं. तिन्ही कार्डांवर एकच मजकूर, फळ्यावर लिहायचात त्याच अक्षरात : "काल आला नाहीत. गोळी ठेवली आहे. उलट टपाली कळवा."

शाळेत तुम्ही मला मराठी शिकवलंत आणि निवृत्त झाल्यावर ठाण्याच्या त्या दवाखान्यात गर्द ओढणाऱ्यांना बाकावर बसवायला लागलात. ह्यांना पहिल्या दिवशी घेऊन आले तेव्हा माझी मान वर होईना. तुम्ही मात्र "ये गं" म्हणालात, जशी काही मी वही तपासून घ्यायला आलेय. गर्दची तलफ मारणारी गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत उठायचं नाही. तेवढा वेळ तुम्ही गप्पा मारता. काल का आला नाहीस, असं कुणालाच विचारत नाही. आज आलास ना, बस. तोंडात गोळी असताना बोलायचं नसतं, तरी हे एकदा पुटपुटले, "बाई, हिलापण शाळेत असंच बसवायच्या का?" तुम्ही म्हणालात, "हिला? हिला वर्गाबाहेर उभी करायचे. तोंड म्हणून मिटत नसे." सगळा बाक हसला. हेसुद्धा हसले, किती वर्षांनी. पाच महिने ते रोज येत राहिले. डोंबिवलीच्या कारखान्यात पुन्हा कामावर घेतलं.

मग नवरात्र आलं. आमच्याकडे घट बसतात, माळ घरच्या पुरुषाने बांधायची. माझ्या मनाने घेतलं, गोळी झाली तरी नशाच, डॉक्टरांनी दिली म्हणून काय झालं? ती तोंडात विरघळवून देवीला हात कसा लावायचा? मी म्हटलं, "नऊ दिवस नको. बरे झालात की आता. पुढचं देवी बघून घेईल." ते म्हणाले, "बाईंना विचारू या का?" मी म्हटलं, "घरच्या देवाचं बाईंना काय विचारायचं?"

तिसऱ्या माळेपासून जांभया, नाक गळणं, पायांत गोळे. मला वाटलं, विष बाहेर पडतंय. तुमची कार्डं मी देव्हाऱ्यातल्या वस्त्राखाली सारली, त्यांना दाखवलीच नाहीत. आठव्या माळेला तुम्ही दारात. टेंभी नाक्याच्या देवीच्या गर्दीतून स्टेशन गाठून आलेल्या, पदराने मान पुसताय. मी उंबऱ्यातच उभी. "ते खडवलीला गेलेत, नणंदेकडे." तुम्ही माझ्या खांद्यावरून घटाकडे पाहिलंत.

"धान्याला पाणी रोज घालतेस ना?"

"हो."

"एकदम नवव्या दिवशी घालून चालेल?"

तेवढ्यात आतल्या खोलीत हे खोकले. तुम्ही पदर पुन्हा खांद्यावर घेतलात. मग "आला की पाठव हं" म्हणालात आणि पाणीसुद्धा न घेता निघालात.

दसऱ्याला सोनं वाटून येतो म्हणून हे बाहेर पडले. जुने सोबती भेटले, ह्यांनी जुन्याच मापाने गर्द घेतलं. शरीराची सवय मोडली होती, श्वास थांबला, असं डॉक्टर नंतर म्हणाले. खिशात आपट्याची पानं तशीच होती. तेराव्याला तुम्ही आलात, मला एका शब्दाने बोलला नाहीत. पुढच्या वर्षी तुम्हीही गेलात. घट आता दिरांकडे बसतात. तरी आठव्या माळेला माझ्या खोलीत तो खोकला ऐकू येतो, आणि मी जाऊन दार उघडते.

एक सांगायचं राहिलंय. तुम्ही जिना उतरत होतात तेव्हा त्यांनी आतून विचारलं, "बाईंचा आवाज होता का गं?" उठून चपला शोधायला लागले होते. मी म्हटलं, "छे हो, वर्गणीवाले."

हे पत्र त्या तीन कार्डांबरोबर ठेवतेय, टाकणार तरी कुठे? पण तुम्हाला तो खोकला ऐकू आला होता का, तेवढं उलट टपाली कळवा.