नळीचा तपकिरी रंग

४ सप्टेंबर १९३६, निपाणी

चिकोडीच्या मामलेदार कचेरीतून हात हलवत परत. आप्पांची ठासणीची बंदूक माझ्या नावावर होत नाही. कारकून लायसन वाचतो, "नळी तपकिरी." मग बंदुकीकडे बघतो. "मास्तर, ही तर पांढरीफेक. पळी हाय का बंदूक? बदलली न्हाय न्हवं?"

बदलली म्हणे! आप्पा जाऊन दीड वर्ष झालं. दस्त्याचं लाकूड त्यांच्या हाताने गुळगुळीत झालंय, ते कुणाला दाखवू? दीड महिन्याची मुदत. वर्णन जुळलं नाही तर जप्त.

५ सप्टें.

नळी पांढरी का, हे लहानपणापासून ठाऊक आहे. दर खंडेनवमीला आई ती देवाच्या तांब्या-पळीबरोबर चिंच आणि राखेने लख्ख घासते. लग्न होऊन आली त्या सालापासून. आप्पा कौतुकाने बघत बसायचे, एकदाही नको म्हणाले नाहीत. पस्तीस दसऱ्यांत विलायती रंग पार गेला.

आईला सांगितलं. तिने हातातलं सूप बाजूला सारलं. मग, "म्हंजी माझ्यामुळं जाणार व्हय रं ती?"

म्हटलं, जाऊ देत नाही. म्हटलं खरं, पण कसं ते ठाऊक नव्हतं.

८ सप्टें.

शाळेच्या कामाने बेळगाव. कॅम्पात एक म्हातारा मिस्त्री भेटला, पूर्वी पलटणीच्या बंदुका दुरुस्त करायचा. डोळे गेलेत, स्वतः करू शकत नाही. पण सांगितलं सगळं. तपकिरी रंग म्हणजे शिस्तीत चढवलेला गंज, दुसरं काही नाही! मोरचूद-मिठाचं पाणी लावा, दमट जागी टांगा, सुटा गंज घासून काढा, परत लावा. आठ-दहा खेपा. शेवटी उकळतं पाणी, मग जवसाचं तेल. आणि बोट लागता कामा नये.

हे मला जमेल. जमवायचंच.

१० सप्टें.

पारिसअण्णाच्या दुकानात मोरचूद. कशाला म्हणून विचारलं, बंदुकीला म्हटलं, तर पुडी बांधता बांधता हात थांबला. जैनाच्या दुकानातून बंदुकीला सामान!

"मारायला न्हाय न्हवं?"

"रंगाला, अण्णा. नळीला."

"मग हरकत न्हाय. पर घरात सांगू नगा, आक्का जेवाय वाढायची न्हाय मला."

१३ सप्टें.

नळी सोडवली, सोड्याने धुतली, पहिला हात दिला. बघता बघता लालभडक, तांब्यासारखी! घाबरलो. मग आठवलं, मिस्त्री म्हणाला होता, आधी तांबं धरेल, घासून टाका. न्हाणीत टांगली. आईची कुरकुर, बंदुकीसमोर अंघोळ कशी करायची म्हणून.

१८ सप्टें.

पाच खेपा झाल्या. मातकट रंग धरतोय. कुठे कुठे हिरवट. दिवसातून तीनदा जाऊन बघतो. शाळेतही तेच डोक्यात.

१९ सप्टें.

संपलं सगळं.

शाळेतून आलो तर नळी ओट्यावर, उन्हात, चांदीसारखी. शेजारी चिंचेचा चोथा. आई घाम पुसत म्हणते, "कळकली होती रं पार. हिरवी पडलेली. म्हटलं, तू दमतोस, मी घासून ठिवते."

नको ते बोललो. पस्तीस वर्षांचं काढलं. ती चोथा गोळा करून आत गेली. मी जेवलो नाही, तीही नाही.

२० सप्टें.

सकाळी उठून बघतो तर आई नळी सोड्याने धूत बसलेली. हाताला फडकं गुंडाळलेलं, बोट लागू नये म्हणून. "घालवला म्या, चढवणार बी मीच. तू नुस्तं सांग."

माझी मलाच लाज वाटली. माफी मागता येत नाही आम्हा घरच्यांना. मोरचुदाची वाटी पुढे सरकवली.

२६ सप्टें.

तिचा हात माझ्यापेक्षा सरस. माझे ओघळ यायचे, तिचा सारवल्यासारखा सारखा हात. नारळाच्या शेंडीने घासते, जोर कुठे कमी करायचा ते तिला बरोबर कळतं. सहा खेपा झाल्या. आज आपणहून म्हणाली, हा रंग तिने पाहिलेला होता. लग्नाच्या साली. "मला वाटलं, मळ हाय."

दोघंही खूप हसलो. मग ती रडली. आप्पांनी सांगायचं होतं, म्हणाली. मला वाटतं त्यांना सांगायचंच नव्हतं.

३ ऑक्टो.

दहावी खेप. उकळतं पाणी, तेल. पिकल्या चिकूचा रंग! लायसनातला शब्द खरा झाला. आईने लांबूनच नमस्कार केला, हात लावला नाही.

१५ ऑक्टो.

चिकोडी. आई हट्टाने सोबत. कारकुनाने नळीवर अंगठा फिरवला. "रंग ताजा हाय, मास्तर. आता तर जास्तच संशय."

मी तोंड उघडायच्या आत आई पुढे. "पस्तीस वरसं म्या घासली. रंग माझ्या हातानं गेला, माझ्याच हातानं आणलाय. माझ्या मालकाची बंदूक मी वळखत न्हाय व्हय? लिवा तसं."

त्याने लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला. पण बंदूक ठेवून घेतली. कागद बेळगावला साहेबाकडे जाणार, निकाल कधी, सांगता येत नाही. पावती दिली. मोटारीत आई माझा हात धरून बसली होती.

२२ ऑक्टो.

परवा खंडेनवमी. म्हटलं, यंदा विळा-कोयत्याची पूजा करू. ती झेंडू ओवत म्हणाली, "ह्यो हार बंदुकीचा. चिकोडीला न्यायचा."

"त्या दिवशी कचेरी बंद असते, आई."

"पहाऱ्याचं शिपाई असत्यात की. त्यास्नीबी हत्यारं पुजायची असत्यात. एका रांगेत आपली ठिवायला काय जातंय त्यांचं?"

आत सोडतील का, बंदूक बाहेर काढतील का, काही माहीत नाही. नवमीच्या पहिल्या मोटारीला दोन जागा सांगून आलो.