नंतरचं ते खरं

प्रिय मात्रा,

फोनवर मला बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. कशी आहेस, बरी आहेस ना, ठेवते, यापलीकडे माझी गाडी जात नाही. म्हणून शिवणाच्या वहीची पानं फाडून लिहिते आहे. मागच्या बाजूला कुणाच्या कंबरेचं माप दिसलं तर तिकडे बघू नकोस. बाबांना स्मशानात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू आलीस. खांद्यावरची पिशवी न उतरवता दारात उभी राहिलीस आणि एकच विचारलंस, "माझं नाव काढलं होतं का त्यांनी?" मी म्हणाले, "नाही." हेच उत्तर येणार हे माहीत असल्यासारखी तू मान हलवलीस आणि आत जाऊन भांडी घासायला लागलीस. त्या 'नाही'बद्दल मला लिहायचं आहे. वीस महिने झाले. सरळ तिथे पोचायचा मला धीर नाही, थोडी वळणं घेईन. तेवढं सोस.

इकडचं सांगायचं तर चाललं आहे. दुकानातून कपडे येतात. पँटची लांबी कमी करा, झिप बदला, कंबर सैल करा. माणसं स्वतः वाढतात आणि कापड आटलं म्हणतात. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला, पण सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात जातो. बाबांच्या खोलीतलं मी काही हलवलेलं नाही. भिंतीवरचा फळा, खडूची पेटी, खुर्चीवरची उशी, सगळं जिथल्या तिथे. एक मात्र केलं. त्यांच्या वह्या वाचायला घेतल्या. रोज दुपारी एक पान, ओळीवर बोट ठेवून. सातवीत शाळा सुटलेली बाई संस्कृत व्याकरण वाचते म्हटल्यावर दुकानाची मालकीण म्हणाली, "काकू, या वयात कुठली परीक्षा देताय?" मी म्हटलं, "द्यायची होती तिच्यात नापास होऊन बसले आहे." तिला वाटलं, मी विनोद केला.

अगदीच कोरी नव्हते मी. माझं मशीन त्या खोलीच्या भिंतीला लागून होतं, आणि भिंत कसली, फळकुटं ठोकलेली. तू सात वर्षांची झालीस आणि बाबांनी तुला व्याकरण शिकवायला घेतलं, तेव्हापासून पलीकडचं सगळं इकडे ऐकू यायचं. तुझं हे नावसुद्धा त्यांच्या शास्त्रातलंच. तू जन्मलीस तेव्हा जेमतेम दोन किलोची होतीस. तुझी आत्या तोंड पाडून म्हणाली, "मुलगीच. तीही एवढीशी." बाबा म्हणाले, "ऱ्हस्व अक्षर म्हणायला जेवढा वेळ लागतो त्याला मात्रा म्हणतात. नियमातली अर्धी मात्रा वाचवता आली तरी व्याकरणवाल्याला मुलगा झाल्याचा आनंद होतो. मला तर अख्खी मिळाली." आत्याला काही कळलं नाही. मलाही नाही. पण त्यांचा चेहरा बघून मी रडायची थांबले.

त्यांच्या व्याकरणात जवळजवळ चार हजार नियम, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. कुणी पुढे घुसायचं नाही, कुणी मागे राहायचं नाही. 'वाक्' आणि 'मय' शेजारी आले की 'वाङ्मय' होतं, एवढं शाळेतली पोरंही सांगतात. बाबा मात्र तुला पायऱ्या म्हणायला लावायचे. आधी क चा ग, मग त्या ग चा ङ. मधला तो ग कुणाच्या कानावर पडत नाही, कुणी लिहीत नाही, पण त्याच्यावर पाय दिल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही. एकदा तू थेट शेवटाला गेलीस तर म्हणाले, "जिना सोडून खिडकीतून आलात का बाईसाहेब?" मला हे लगेच पटायचं. खांदे जोडल्याशिवाय कॉलर लागत नाही, आणि शर्ट अंगात गेल्यावर खांद्याची शिवण कुणी बघत नाही.

त्यातला एक नियम त्या खोलीतून बाहेर येऊन सगळ्या घरात पसरला. दोन नियम एकाच जागी भांडायला लागले, दोघांचा जोर सारखा असला, तर क्रमानं नंतर येणारा जिंकतो. बाबांनी तो माणसांना लावला. नंतरचं ते खरं. सकाळी म्हणाले छत्री नको, दारात जाऊन म्हणाले दे, तर द्यायची. "मघाशी नको म्हणालात ना" हे वाक्य आपल्या घरात बाद होतं. भांडणं कमी झाली, हे खरं. तू तर त्याचा धंदाच मांडलास. सहलीला मी नाही म्हटलं की बाबांकडे जाऊन हो घ्यायचीस, आणि मी पुन्हा तोंड उघडायच्या आत चपला पायात, तू रस्त्यावर. मी खिडकीतून ओरडायची, "परत ये, अजून माझं व्हायचं आहे, कार्टे!" आणि आत बाबा खुसुखुसु हसत असायचे. जेवतानासुद्धा तुम्ही दोघं बोलायचात, मी वाढायची. एकदा मीठ घालायला विसरले, तर दोघांपैकी एकालाही कळलं नाही. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं मी तेव्हा धरून चालले होते.

मग बाबांच्या निवृत्तीचा तो समारंभ. विद्यालयाची मोठी खोली, पहिल्या बाकांवर त्यांचे जुने विद्यार्थी, कुणाकुणाची टकलं पडलेली. बाबांनी हौसेनं एका शब्दाचं लांबलचक रूप फळ्यावर सोडवून दाखवलं. उत्तर बरोबर आलं, टाळ्या पडल्या. आणि तू मागून उभी राहून म्हणालीस, "बाबा, चौथी पायरी तिसरीच्या आधी आली." खोटं काही नव्हतं. त्यांनी फळा पुसला आणि सगळं पुन्हा क्रमानं लिहिलं. मग फळा पुसायचं फडकं खिशात कोंबलं. तू मागे होतीस, तुला दिसलं नसेल. घरी आल्यावर म्हणाले, "तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. जा आता." तू विचारलंस, "जाऊ?" ते म्हणाले, "जा." मी मध्ये काहीतरी बोलायला हवं होतं. मी ताटं घेत होते. तू गेलीस. नंतर कुणी 'ये' म्हणालंच नाही, म्हणून 'जा' हाच शब्द सहा वर्षं उभा राहिला. घरी बाबा उचलतील म्हणून तू दर मंगळवारी दुकानात फोन करायचीस. मी घरी येऊन टीप मारता मारता तुझी खुशाली मोठ्यानं त्या फळकुटांना सांगायची. पलीकडे पानं उलटायची थांबायची. माझं संपलं की पुन्हा सुरू व्हायची. तुझं लग्न झालेलंही त्यांनी असंच ऐकलं. त्या दिवशी मात्र पान बराच वेळ उलटलं नाही.

परवा जावईबापूंचा फोन आला. तुमच्याकडच्या महाविद्यालयानं तुला व्याकरण शिकवायला बोलावलं आहे, आणि तू नको म्हणून कळवणार आहेस. एवढंच नाही, पुस्तकं खोक्यांत भरून दाराशी ठेवली आहेस, कुणी नेईल तर न्यावीत म्हणून. तू त्यांना म्हणालीस म्हणे, "ज्यांनी शिकवलं त्यांनी मरतानाही माझं नाव घेतलं नाही. त्यांचं ओझं मी कशाला वाहू?" ते बिचारे म्हणाले, "आई, महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. तुम्ही समजूत घालून बघा. तुमचं ऐकेल ती." मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर मशीनवर बसले, तर सुई रिकामीच चालत होती. दोरा संपलेला मला वीतभर कापड पुढे गेल्यावर कळला.

त्याच्या आधी महिनाभर मी बाबांच्या वहीतल्या एका पानावर अडकून पडले होते. त्यांनी लिहिलं आहे की नंतरचा जिंकतो तो फक्त बरोबरीच्यांत. त्याच्याहून जोरदार आणखी आहेत, आणि सगळ्यांत जोरदार अपवाद. तो आधी सांगितलेला असो की नंतर. कारण सामान्य नियमाला सगळं रान मोकळं असतं, इथे नाही तर तिथे त्याचं भागतं. अपवादाला मात्र एवढीच जागा. तीही काढून घेतली तर तो केलाच कशाला? खाली तुझ्या लहानपणीच्या अक्षरात लिहिलं आहे, 'समजलं'. तुम्हा दोघांना हे पहिल्यापासून माहीत होतं. मी भिंतीपलीकडून अर्धंच ऐकलं होतं. पहिले काही दिवस मला वाटलं, सापडलं कारण. मी अडाणी, नियम अर्धा माहीत होता, म्हणून चुकले. त्या कारणावर चार रात्री स्वस्थ झोपही लागली. मग तीही गेली, कारण ते कारण खरं नाही.

तर मात्रा, त्यांनी तुझं नाव काढलं होतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्यावर ते आठ दिवस होते. पाचव्या दिवशी सकाळी मी तोंड पुसत होते, तेव्हा म्हणाले, "मात्राला बोलव. ये म्हणावं." मला वाटलं, तापात बोलतायत. तर पुन्हा म्हणाले, "मी म्हटलंय म्हणून सांग. ये." मी बाहेर येऊन तुझा नंबर लावायला घेतला. एक आकडा राहिला होता. तेवढ्यात त्यांना उलटी झाली, अंथरूण, कपडे, सगळं खराब झालं, आणि आतून आवाज आला, "नको. राहू दे. असं नको बघायला तिनं." मी फोन खाली ठेवला. नंतरचं ते खरं. सहा वर्षांनी आलेलं ते 'ये' अपवाद होतं, हे वहीतून कळलं ते आता. पण नियम पाळायला म्हणून मी तो फोन ठेवला नाही, बाळा. मला बरं वाटलं. तू आली असतीस तर तुम्ही दोघं पुन्हा बोलत बसला असतात आणि मी पुन्हा वाढत राहिले असते. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ते नुसते माझे होते. पाणी मला मागत होते, हात माझा धरत होते. मला ते आणखी थोडे दिवस हवे होते. मला वाटलं, बरे दिसायला लागले की बोलावू. दारात तू विचारलंस तेव्हा हो म्हटलं असतं, तर तुझा पुढचा प्रश्न आला असता, मग का नाही बोलावलंस. त्या प्रश्नाला भिऊन मी तुझे बाबा तुझ्यापासून दुसऱ्यांदा काढून घेतले. त्या नोकरीचं हो कर की नाही कर, पण माझ्या खोटेपणावर ठरवू नकोस. माझ्यावर रागाव, भेटू नकोस, मंगळवारचा फोन बंद कर, मला ते समजेल. आणि एवढं एक ऐक, हे तुझं आहे, मी ठेवून घेतलं होतं. 'नको' म्हटल्यावर दुपारी त्यांनी मला खाट फिरवायला लावली. मी एकटीनं ओढली, एकेक पाय करत. हवा येत नाही म्हणाले. शेवटचे तीन दिवस ते त्याच बाजूला तोंड करून होते. खिडकी दुसऱ्या भिंतीला आहे, तुला माहीतच आहे. त्या बाजूला नुसतं दार होतं. आणि ते मला तेव्हाच कळलं होतं.

तू ठेवशील तर तुझीच,
आई