न धुतलेल्या कुंड्या

९ फेब्रुवारी, सोमवार
दुपारी, जेवणं उरकल्यावर

प्रिय धाकटे,

इकडे सगळे ठणठणीत आहेत, तुम्ही दोघंही असाल असं धरून चालते. सासूबाईंचा गुडघा थंडी उतरल्यापासून बरा आहे, फक्त कुणी काम सांगितलं की दुखतो. तुझे मोठे दीर निवृत्त झाल्यापासून दिवसभर माझ्या रोपवाटिकेत फिरून सूचना करतात. मी ऐकून घेते आणि करायचं तेच करते. अडीच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज हे जाडजूड पाकीट बघून कुणाचं काही बरंवाईट झालं की काय असं तुला वाटलं असेल. कुणी आजारी नाही.

तुझं सासूबाईंना आलेलं पत्र त्यांनी मला वाचायला लावलं, चष्मा सापडत नाही म्हणून. चष्मा त्यांच्या मांडीवरच होता, ते मला नंतर दिसलं. तुझ्या घराजवळच्या शाळेचं त्यातून कळलं. मुलांकडून मागच्या अंगणात भाज्या लावून घ्यायचं काम मुख्याध्यापिका तुला देताहेत, शाळेच्या एका खोलीत साठ जुन्या कुंड्या आणि चार पोती वापरलेली माती पडून आहे, आणि तू येत्या सोमवारी त्यांना नाही म्हणून कळवणार आहेस. कारण काय, तर तुझ्या हाताला गुण नाही आणि उगाच मुलांची रोपं मरायला नकोत. तेवढी ओळ मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवू शकले नाही.

आधी कामाचं सांगते. कामाचं सांगताना मला अवघडल्यासारखं होत नाही.

कुंड्या रिकाम्या करून कोरड्या ब्रशनं आधी आतली माती आणि मुळांचे धागे खरवडून काढ. कडेला चिकटलेली माती तशीच ठेवून वर कितीही औषध ओतलं तरी ते पालथ्या घड्यावर पाणी. मग साबणाच्या पाण्यानं घासायच्या. त्यानंतर एका टबात एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, त्यात कुंड्या दहा मिनिटं पूर्ण बुडवून ठेवायच्या. हातमोजे घाल, हे काम उघड्यावर कर, मुलांना टबाजवळ येऊ देऊ नकोस, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही औषध मिसळू नकोस. स्वच्छ पाण्यानं खळबळून धुऊन उन्हात वाळव. खुरपं, कात्री, झारी यांनाही हीच आंघोळ.

मातीचं जरा चिकाटीचं काम आहे. चाळून मुळं, काड्या, अळ्या काढायच्या. मग ती ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्यांत पातळ थरानं भरायची, तोंड बांधायचं आणि कडक उन्हात चार ते सहा आठवडे पसरून ठेवायची. बिया रुजवण्यापुरती थोडी लगेच हवी असेल तर ओव्हन आहे. ट्रेमध्ये ओली माती झाकून ठेव, मातीच्या पोटात ऐंशी अंश झाले की तिथून अर्धा तास. त्याहून जास्त तापवू नकोस. चारही पोती भाजायला बसलीस तर भाऊजी घर सोडून जातील, असा वास सुटतो. आमच्याकडे तुझे दीर दोन तास शेजारी जाऊन बसले होते. नंतर त्यात निम्मं नवीन कंपोस्ट खत मिसळ, कारण जुन्या मातीत जंतू मेले तरी कस उरलेला नसतो. आणि ज्या मातीत रोप रोगानं गेलं, ती सरळ टाकून द्यायची. तिच्यात जीव अडकवायचा नाही.

गेल्या हंगामात मी याचा पडताळा घेतला. बारा कुंड्या घेतल्या. त्यातल्या सहा कुंड्या, वर सांगितल्याप्रमाणे, धुऊन नवी माती भरली, आणि सहा तशाच, पिंपातल्या जुन्या मातीच्या. सगळीकडे एकाच पाकिटातलं टोमॅटोचं बी. पाणी घालायला मुद्दाम तुझ्या दिरांना बसवलं, ज्यांनी आजवर निवडुंगसुद्धा मारून दाखवलं आहे. तीन आठवड्यांनी न धुतलेल्या सहाही कुंड्यांतली रोपं आडवी झाली. धुतलेल्यांतलं एकही गेलं नाही. हे आता स्वतःला मोठे बागाईतदार समजतात, तो त्रास वेगळाच.

तो पडताळा मी तुला लिहायचं म्हणूनच घेतला होता. घेऊन दोन महिने झाले.

आता इतका वेळ ज्याच्याभोवती घिरट्या घालते आहे ते लिहिते. दवाखान्याच्या बागेसाठी ती दीडशे रोपं केली, तेव्हा तुला या घरात येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. कुंड्या मी भरल्या होत्या. पाणी तू घालत होतीस, मी दाखवलं होतं तसं, मापाचा कप घेऊन. रोपं पाठवायच्या दिवशी सकाळी बघितलं तर सगळी झोपलेली. टेम्पोवाला दारात उभा, सासूबाई खुर्चीत, शेजारच्या दोघी कुंपणाशी. त्यांच्यासमोर मी म्हणाले, हिच्या हाताला गुणच नाही. तू फक्त एवढंच म्हणालीस, "ताई, तुम्ही सांगितलं तेवढंच पाणी घातलं मी." मी तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हटलं.

मग मी एक रोप उपटलं. बुंधा मातीलगत काळा पडून दोऱ्याएवढा बारीक झाला होता. आदल्या उन्हाळ्यात त्याच कुंड्यांतले टोमॅटो अगदी असेच गेले होते, आणि मी ते उपटून माती झटकून पिंपात परत टाकली होती. काटकसरीचा मला भारी अभिमान. घरातली भांडी तीनदा घासणारी बाई मी, पण कुंडीला कधी साबण दाखवला नव्हता. तेव्हा मला पडताळ्याची गरज नव्हती, धाकटे. मला तिथेच, त्याच मिनिटाला कळलं होतं. तू नळाशी हात धूत होतीस, माझ्यापासून चार पावलांवर. मी ते रोप ढिगाखाली सरकवलं आणि घरात गेले.

गप्प का बसले? या घरात माझा शब्द शेवटचा असायचा. तो चार माणसांत मागे घेतला तर पुन्हा कुणी मानणार नाही असं वाटलं. तू नवी आहेस, विसरशील, अशी मनाची समजूत घातली. तू त्यानंतर झारीला हात लावला नाहीस, आणि सहा महिन्यांनी भाऊजींनी बदली मागून घेतली. नोकरीचं कारण सगळ्यांनी मानलं. मीही मानल्यासारखं केलं.

सोबत एक वेगळा कागद आहे, मुख्याध्यापिकांच्या नावे. तीन वर्षांपूर्वी माझ्या रोपवाटिकेतली दीडशे रोपं माझ्या न धुतलेल्या कुंड्यांमुळे आणि रोगट मातीमुळे मेली, पाणी घालणारीचा त्यात काडीचा दोष नव्हता, असं लिहून खाली सही आणि रोपवाटिकेचा शिक्का आहे. द्यायचा की फाडायचा ते तू ठरव. शेजारच्या दोघींना मी काल स्वतः जाऊन सांगितलं. टेम्पोवाल्यालाही सांगितलं. त्याला काही आठवतच नव्हतं, तरी पूर्ण ऐकवलं.

सासूबाईंना हे पत्र आत्ता वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मी तुला या घरातली शहाणी समजत होते." मी म्हटलं, मीसुद्धा.

सोमवारी शाळेला हो म्हण. त्यासाठी मला माफ करायची गरज नाही. राग ठेव, तो तुझ्या हक्काचा आहे. मला उत्तरही लिहू नकोस हवं तर. पण नाही म्हणायला जे कारण तू धरून बसली आहेस, ते खोटं होतं, आणि ते मी तयार केलं होतं.

खाली मान घालून,
तुझी थोरली जाऊ