थोरल्याचं धड, धाकट्याचं डोकं

वितालिस भावजी,

सैन्यानं तुम्हाला रोमचा सम्राट केलं आणि इकडे आपल्या गावी, लेप्टिसात, पाथरवट छिन्नी घेऊन माझ्या नवऱ्याच्या कबरीत शिरला. म्हणे, "बाई, धन्यांच्या पुतळ्याचं डोकं उडवून सम्राटांचं बसवायचंय. वरून हुकूम आहे. सख्खे भाऊ, धड चालून जाईल."

"मेल्या, या ढेरीवर ते वाळकं थोबाड शोभेल का?" असं म्हणून मी त्याला बाहेर हाकललं आणि दारातच ठाण मांडलं. आता मला तोडल्याशिवाय त्यांच्या मानेला हात लागायचा नाही.

हे पत्र मी लिहिलं तरी धाडणार नाही. तुम्हाला वाचून दाखवणाऱ्या बिचाऱ्याचा जीव जायचा. डोकं बसवायचंच असेल तर स्वतः या. सगळं रोम तुमच्यापुढे वाकू दे, थोरल्याच्या कबरीचं दार बुटकं आहे. तुम्हालाही वाकूनच यावं लागेल.

अजून तुमची वहिनीच,
नामगिदा